साधा फोटो

"काका, मुलाकडच्यांनी पूर्ण शरीराची स्कॅन-फाइल मागितलीय ना? हल्ली सगळेच मागतात. मग साधा फोटो कशाला?" स्टुडिओवाल्या नलिनीने विचारलं.

"फाइल उघडत नाही, असं कळवीन त्यांना," उपळेकर पाय हलवत म्हणाले. लेकीच्या हृदयातलं छिद्र त्या फाइलमध्ये स्पष्ट दिसत होतं.

"एकदा फोटो केला, की त्यातून आतलं काही परत काढता येत नाही हं."

"तेच हवंय. कर लवकर."

पडद्यावर लेकीचा फक्त चेहरा उरला. उपळेकरांनी तो घाईघाईने पाठवला. लगेच मुलाकडून उत्तर आलं, 'आमचीही फाइल उघडत नाहीये. साधाच फोटो पाठवतोय.'

मुलाच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघताना उपळेकरांचे पाय पुन्हा हलू लागले.

"नलिनी, खरंच काहीच काढता येत नाही का गं?"