कागदावरचे मेथेनॉल

"मामा, तीन महिन्यांची मेहनत तुम्ही एका दुपारी मातीत घातलीत."

मॅडम सर्वांदेखत असे म्हणाल्या आणि प्रयोगशाळेतील सगळ्या माना खाली गेल्या. ज्यांची उभी हयात मदतनीस म्हणून रसायने ढवळण्यात गेली, ते मामा हातातला रिकामा फ्लास्क पुसत उभे राहिले.

मॅडमनी घडवलेल्या फिनॉलच्या रेणूला दोन टोके होती. एका टोकाला नवी साखळी जोडावयाची होती. दुसरे टोक अल्काइनचे, म्हणजे कार्बनच्या तिहेरी बंधाचे, स्वभावाने उतावळे. त्याने भलत्याच वेळी भलत्याशी सोयरीक करू नये, म्हणून त्याच्या डोक्यावर सिलिकॉनची टोपी बसवली होती. ती अगदी शेवटच्या पायरीला उतरवावयाची. मामांनी साखळी जोडण्याचा प्रयोग केला, तपासणीचा अहवाल आला, आणि त्यात टोपीचा मागमूस नव्हता. सारा माल पुढच्या कामाला निरुपयोगी ठरला.

विभागप्रमुखांनी मामांना बोलावून जाब विचारला. "चूक झाली, साहेब," एवढेच ते बोलले. त्यांना गोदामात धाडण्याचे ठरले. तक्रारीवर मॅडमनी ठसठशीत सही केली.

नंतर प्रयोग नव्याने मांडावा म्हणून त्यांनी मामांना दिलेला कृतीचा कागद काढला. दोन्ही पायऱ्यांना पोटॅशियम कार्बोनेट तेच. भेद केवळ द्रावकाचा. साखळी जोडताना ॲसिटोन, टोपी उतरवताना मेथेनॉल. आणि साखळीच्या पायरीपुढे, त्यांच्याच वळणदार अक्षरात, मेथेनॉल लिहिलेले होते.

मॅडमची कानशिले तापली. कागदाच्या चिंध्या करून टाकाव्यात, असा विचार मनाला चाटून गेला. त्यांनी कागदाची घडीसुद्धा घातली. पण ती घडी घेऊन त्या थेट विभागप्रमुखांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, चूक कबूल केली आणि तक्रार मागे घेतली. परत येताना ओळखीचा जिनाही त्यांना परका वाटला.

मामा मोरीपाशी काचेची नळकांडी विसळत होते. मॅडमनी खालच्या आवाजात क्षमा मागितली. मामांनी "असू द्या" म्हणून हात हलवला. तरीही मॅडमच्या मनात एक सल राहिलाच होता.

"इतकी वर्षं तुम्ही हेच काम करताय, मामा. मेथेनॉलमध्ये टोपी उतरते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग एका शब्दानं मला विचारायचं तरी!"

मामांनी नळ बंद केला. बोलताना त्यांच्या स्वरात रागाचा लवलेश नव्हता.

"विचारलं होतं, मॅडम. प्रयोगाच्या दिवशी सकाळी, इथंच. तुम्ही म्हणालात, 'मामा, डॉक्टरेट तुमची की माझी?' सगळे हसले. मग मीही हसलो, आणि मेथेनॉल ओतलं."