आधीच प्रकाशित

"ब्लॉग म्हणजे संशोधन नव्हे, मॅडम. कुठे प्रकाशित झालंय का हे?" बढती समितीच्या अध्यक्षांनी माझी फाइल बाजूला सारली. विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळून इतकी वर्षं लिहिलेलं सगळं एका वाक्यात निकालात निघालं!

घरी माझी धुसफूस ऐकून नवरा म्हणाला, "अगं, मग दे ना एखाद्या पत्रिकेला!" म्हणून ब्लॉगवरचा सगळ्यात गाजलेला लेख एका संशोधन पत्रिकेला पाठवला.

काही दिवसांनी तिथल्या नव्या संपादकांचा फोन आला. "लेख उत्तम आहे, पण घेता येणार नाही. तुमच्या ब्लॉगवर तो आधीच प्रकाशित झालाय."

आवाज समितीच्या अध्यक्षांचाच होता. मी उसळून म्हणाले, "सर, मग बढतीसाठी धरा ना तो!"



"ते समितीला विचारा, मॅडम. आत्ता मी संपादक म्हणून बोलतोय."