कोजागिरीचा फिल्टर

"आजोबा, तुझ्या घरातलं हीटिंग सारखं बंद का पडतंय?" छोट्या नातीने फोनवर विचारलं. टोरांटोत उणे वीस होतं. मी घरात कानटोपी घालून बसलो होतो.

"फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, फिल्टर धुळीने भरला की हवा फिरत नाही. मग फर्नेस जास्त तापते आणि थांबते."

"मग बदल ना."

जुना फिल्टर ओढला. पुठ्ठ्याच्या कडेवर बायकोचं अक्षर होतं: 'कोजागिरीला घातला. संक्रांतीला बदलणे.' दिवाळीत ती गेली. आज महाशिवरात्र.

"आजीचं अक्षर टाकवत नाही गं."

"अरे, कड कापून घे ना. धूळ कशाला ठेवतोस?"

कड कापली. नवा फिल्टर बसवताच फर्नेस घुमू लागली. फिल्टरच्या बाहेर दिसणाऱ्या कडेवर लिहिलं: 'महाशिवरात्रीला घातला.' मग पेन थांबलं. तीन महिन्यांनी कोणता सण येतो, ते बायकोलाच पाठ असायचं.