टॅकेटचा नववा डाव

बेसबॉल सामन्याच्या नवव्या, शेवटच्या डावासाठी टॅकेट बाकावरून उठला. त्याच्या शेजारची जागा केव्हापासून रिकामी होती. प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या चेंडूवर अजून एकही फटका साधला नव्हता, आणि अशा पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, सामना संपेपर्यंत कोणी बोलत नाही. बोलल्यास नजर लागते. सहकारी दुसरीकडे पाहत सूर्यफुलाच्या बिया चघळत होते.

व्यवस्थापक ऑरिन केसलर मात्र टॅकेटच्या उजव्या हाताकडे पाहत होता. हार्लन फोर्क गावाच्या संघातर्फे असा एकही फटका न देता सामना आजवर एकाच पिचरने काढला होता. तरुणपणी, स्वतः केसलरने. मैदानाच्या कुंपणावर त्याचे एकट्याचे नाव रंगवलेले होते. आज मोठ्या लीगची माणसे पहिल्या रांगेत बसली होती, टॅकेटला पाहायला. केसलरसाठी कधीच कोणी आले नव्हते.

"पोटात दुखतंय ना, म्हाताऱ्या?" सहायक बॅस्कम कुजबुजला. "आता त्याला काढलंस, तर अख्खं गाव म्हणेल, जळला म्हणून."

"गावाला काय कळतंय?"

टॅकेटचे पहिले चारही चेंडू भरकटले. नियमाप्रमाणे फलंदाजाला फटका न मारताच फुकटचा पहिला तळ मिळाला. केसलर मैदानात उतरला. व्यवस्थापकाने चेंडू घेतला की पिचरने निघायचे, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या.

टॅकेटने स्वतःच चेंडू पुढे केला.

"बरं झालं आलात, बॉस. सहाव्या डावापासून कोपरात कळ मारतेय. बोटं बधिर झालीत. पण सांगू कुणाला? कुणी तोंडाकडे बघेना. काढा मला."

केसलरने चेंडू हातात घेतला. त्याचा एकट्याचा विक्रम वाचला होता. त्याने एकदा पहिल्या रांगेकडे पाहिले. मग चेंडू परत टॅकेटच्या हातात ठेवला आणि त्याची बोटे त्यावर मिटवली.

"एवढं तेवढं सगळ्यांचंच दुखतं, पोरा. तीन गडी राहिलेत. टाक."

तो रिकाम्या हाताने परतला, तेव्हा शिव्या थांबल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बॅस्कमने टोपी काढली.

"मानलं बुवा! एवढं मोठं मन माझं नसतं झालं."

 आपल्या त्या सामन्यात केसलरनेही कोपरातली हीच कळ दाबून अखेरचे तीन गडी बाद केले होते. पिचर म्हणून त्याने आयुष्यात टाकलेले ते शेवटचे चेंडू.