पट्टी सुटायच्या आधी

रेझर उघडेना. हिंमतरावांनी दांडा घट्ट धरून वरची टोपी फिरवून पाहिली, मग टॉवेलमध्ये पकडून पाहिली. ढिम्म. आतलं ब्लेड गंजून बसलं होतं आणि फटींमधून टँकरच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता. भोसरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाचं हे हत्यार! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, झोपलात का आत?" बाहेरच्या खोलीतून मुक्ताबाईंचा आवाज आला. "अकराला बोलावलंय डॉक्टरांनी."

"आत्ता कुठे नऊ वाजतायत. लिंबू आहे का घरात?"

"बाथरूममध्ये सरबत करताय?"

"रेझर धुतोय."

मुक्ताबाईंनी चाचपडत येऊन दारातून लिंबू आत सरकवलं.

मुक्ताबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं होतं. आज पट्टी सुटणार होती. डाव्याचं दिवाळीनंतर. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पार पिकेपर्यंत त्यांनी भीतीपोटी तीन वर्षं चालढकल केली. घरात त्या अंदाजानं वावरत, माणसं आवाजावरून, नाहीतर हातानं चाचपून ओळखत. हिंमतरावांनीही फारसा आग्रह धरला नाही. त्या तीन वर्षांत त्यांची रोजची दाढी आठवड्यावर गेली. मुलानं आणून दिलेल्या प्लॅस्टिकच्या रेझरनं कसंबसं खरडायचं आणि तो फेकून द्यायचा; हा जुना रेझर तसाच पडून राहिला. बघणारंच कोणी नव्हतं.

अर्धं लिंबू कोमट पाण्यात पिळून त्यांनी रेझर त्यात बुडवला आणि ते बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसून राहिले.

हा रेझर मुक्ताबाईंनीच निवडलेला. लग्न होऊन धानोरीच्या एका खोलीत संसार मांडला होता, तेव्हा हिंमतराव चार दिवसांनी एकदा न्हाव्याकडे जात. एका रविवारी दोघं दगडूशेठच्या दर्शनाला गेले आणि बोहरी आळीतून परत येताना नव्या नवरीनं दुकानाच्या काचेकडे बोट दाखवलं. "तो घ्या." का, म्हणून त्यांनी विचारलं, तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "रोज टोचतं." भर रस्त्यात. हिंमतरावांचे कान तापले होते. दुकानदारानं रेझर कागदात बांधून दिला, तेव्हा दोघंही दोन दिशांना बघत उभे होते.

त्यानंतर चाळीस वर्षं हिंमतरावांनी तो मशीनसारखा सांभाळला. दर रविवारी तिन्ही भाग सुटे करायचे, जुन्या टूथब्रशनं कानाकोपरा घासायचा, फडक्यानं कोरडं करायचं, आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पहिल्या पाळीला पहाटे पाचला निघायचं असलं तरी दाढी करूनच निघायचे. मुक्ताबाई भाकरी थापता थापता वर बघत आणि पुन्हा परातीत बघत. बस, तेवढंच.

पाण्यावर आता पांढरी साय धरली होती. त्यांनी रेझर पुन्हा फडक्यात धरला, दात आवळले आणि जोर लावला. आटे करकरले. मग एकाएकी सैल झाले आणि टोपी हातात आली. गंजलेलं ब्लेड त्यांनी जपून वर्तमानपत्रात गुंडाळलं. टूथब्रशनं तिन्ही भाग घासले. पितळ एका कडेला उघडं पडलं होतं, पण बाकी चकाकी तशीच निघाली. तेलाचा थेंब सोडला, नवं ब्लेड बसवलं, दांडा फिरवला. अलगद फिरला.

मग त्यांनी आरशात पाहिलं, आणि साबणाचा ब्रश हातातच राहिला. गाल आत गेलेले. मानेची कातडी लोंबलेली. वरचे दोन दात गेल्या वर्षी गेले होते, त्यामुळे ओठ एका बाजूला बसला होता. हे सगळं ते रोज बघत होते, पण आज मुक्ता बघणार होती. तिला नीट दिसत होतं तेव्हा त्यांचं तोंड असं नव्हतं.

"अहो, रिक्षा बोलवू का शेजारच्या तनुजाला सांगून?"

"थांब. घाई केली की कापतं."

त्यांनी सावकाश दाढी केली. गालाची कातडी बोटांनी ताणून, एकदा सुलट, एकदा उलट. तरी हनुवटीखाली कापलंच. तुरटी लावली. इस्त्रीचा शर्ट घातला.

दवाखान्यात नर्सनं मुक्ताबाईंना खुर्चीत बसवलं. हिंमतराव दाराशीच रेंगाळले. "आजोबा, समोर या ना," नर्स म्हणाली. "पहिलं तुम्हालाच बघू दे त्यांना."

ते समोर येऊन उभे राहिले. पट्टी निघाली. नर्सनं ओल्या कापसानं पापणी पुसली. मुक्ताबाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि त्या हिंमतरावांकडे टक लावून बघत राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "केवढे म्हातारे झालात हो तुम्ही!"

नर्स खुदकन हसली.

"कालपर्यंत नव्हतो," हिंमतराव म्हणाले.

मुक्ताबाईंचा हात सवयीनं त्यांच्या गालाकडे निघाला होता. अर्ध्यावर मुक्ताबाईंच्या लक्षात आलं, आता दिसतंय. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला, आणि त्या नुसत्या बघत राहिल्या.