सुट्टीतली बैठक

युद्ध लोकांच्या मनातून केव्हाच उतरलं होतं आणि राष्ट्राध्यक्षांना त्याच युद्धाची भलामण करणाऱ्या हॉइटना राजदूत करायचं होतं. सेनेट नाताळच्या सुट्टीवर गेली की राष्ट्राध्यक्ष तिच्या मंजुरीशिवाय परस्पर नेमणूक उरकणार, हे ओळखून विरोधी पक्षाने सुट्टी पडूच द्यायची नाही असं ठरवलं. दर तिसऱ्या दिवशी एका सेनेटरने रिकाम्या सभागृहात यायचं, हातोडा आपटून बैठक सुरू करायची आणि लगेच आपटून संपवायची.

"थॉर्पसाहेब, ऐन सणात तुम्हालाच जुंपतोय," पक्षनेता ग्रेडी ओशाळून म्हणाला.

"देशासाठी एवढं करायलाच हवं," म्हातारे थॉर्प म्हणाले. त्यांची बायको वसंतात वारली होती आणि मुलगा त्याच युद्धावर होता. बैठकीला ते गुळगुळीत दाढी करून येत आणि दारावरच्या पहारेकऱ्याशी तासभर गप्पा मारून मग परतत.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ग्रेडीचा फोन आला. "जिंकलो, साहेब! हॉइट कंटाळले, उद्या माघार जाहीर करतायत. आता तुम्ही घरी निवांत बसा!"

थॉर्पनी फोन ठेवला आणि हॉइटचा नंबर फिरवला.

 

"अहो हॉइट, इतक्यात कसली माघार घेताय? जरा धीर धरा, निदान नाताळ तरी उलटू द्या!"