पाव दिरहमासाठी

“अडीच दिरहमच्या खाली परवडत नाही,” म्हणत भिकाजीनं भेंडीची टोपली स्वतःकडे ओढली.

“सव्वादोन,” काळ्या ओढणीतली बाई म्हणाली आणि तिनं टोपली परत आपल्याकडे ओढली.

शेजारी कोथिंबीर निवडत उभी असलेली अनुराधा चाटच पडली. आत्ताच हीच भेंडी भिकाजीनं तिला दोन दिरहमला दिली होती, तीही तिनं तोंड उघडायच्या आत. त्यामुळे तिचा जरा हिरमोडच झाला होता. पुण्याच्या मंडईत तयार झालेली बाई ती. अमिरातीत, अल ऐनला येऊन वर्षं झाली, तरी घासाघीस केल्याशिवाय घेतलेली भाजी तिच्या घशाखाली उतरत नसे. “दोन म्हणजे पन्नास रुपये झाले की हो!” एवढं म्हणायचंही राहून गेलं होतं.

आणि या गरीब मोलकरणीशी मात्र हा पाव दिरहमासाठी हमरीतुमरीवर!

दर शुक्रवारी हेच चालायचं. बाई एका अरबाच्या घरी कामाला होती. म्हातारी मालकीण बाजाराच्या तोंडाशी गाडीत थंड हवा खात बसे आणि हिला आत पाठवी. बाई सगळे गाळे ओलांडून भिकाजीपाशीच येई. आख्ख्या बाजारात मराठी बोलणारा तोच एक, म्हणून येत असणार बिचारी. मग एकेक भेंडी मोडून बघायची, वांग्यांना नावं ठेवायची, रागानं चालू लागायचं आणि त्यानं हाक मारली की परत फिरायचं.

“मागची वांगी किडकी होती.”

“तुम्ही खाल्लीत का पण?”

“मला कुठली? मी आपली भात खाते.”

“नुसत्या भातानं अंगात जोर येत नाही. टोमॅटो न्या. तीन दिरहम.”

“घसा बसलाय तुमचा. कशाला ओरडून भाव सांगताय?”

बाहेर हॉर्न वाजला. दोघंही हटेनात.

अनुराधानं हातातली कोथिंबीर खाली ठेवली. गेल्या शुक्रवारी तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. उशीर झाला म्हणून म्हातारी हिच्यावर खेकसली होती, “रोज लेट! अगली बार तुम घर में बैठेगा!” आठवड्यातून एकदा उंबऱ्याबाहेर पडायला मिळणार, तेही या कवडीचुंबकापायी जायचं? आज तर बाईचे डोळेही भरून आले होते.

“भिकाजी, लाज नाही वाटत?” अनुराधा कडाडली. “परमुलखात आपल्याच बाईला लुबाडता? मला दोन आणि हिला अडीच?”

भिकाजीनं मान खाली घातली. “धंदा आहे, वहिनी.”

“असू दे, ताई,” बाईच घाईनं म्हणाली. “मला सवय आहे.”

गरीब गाय! अनुराधाला तिचा आणखीच कळवळा आला. “नाव काय गं तुझं?”

“सत्यभामा.”

ओढणीआड काळे मणी दिसत होते. “नवरा गावी असतो?”

“तेही कामालाच असतात,” म्हणून ती परत वांगी चाचपू लागली.

पुन्हा हॉर्न वाजला. सत्यभामानं पिशवी उचलली आणि जाता जाता वळून विचारलं, “पुढच्या शुक्रवारी नक्की ना?”

“नक्की,” भिकाजी म्हणाला.

ती गर्दीतून वाट काढतेय तोवर अनुराधा गाडीपाशी पोचलीसुद्धा. “माँजी, वो सब्जीवाला आपकी बाई को लूटता है. टाइम भी खाता है. वो नया सुपरमार्केट है ना, वहाँ फिक्स रेट. पाँच मिनट में खलास!”

“वल्ला?” म्हातारी खूष झाली. “अच्छा बोला तुम. शुक्रन.”

घरी जाताना अनुराधानं ही मर्दुमकी नवऱ्याला ऐकवली. गाडी चालवता चालवता हेमचंद्र म्हणाला, “तुला कुणी पंचाईत सांगितली होती? शी डिडन्ट आस्क यू.” तिनं लक्ष दिलं नाही. पुण्य करताना नवऱ्याचं ऐकायचं नसतं.

पुढच्या शुक्रवारी भिकाजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अनुराधानं वांगी मागितली, तर त्यानं दुधी तोलला. कोवळ्या भेंडीची एक टोपली ओल्या फडक्याखाली झाकलेली होती. ती विकायची नाही म्हणाला. नजर सारखी बाजाराच्या तोंडाकडे. कुठेही हॉर्न वाजला की उठून उभा राही.

अनुराधाला मनातून उकळ्या फुटत होत्या.

“वाट बघू नका,” तिनं सांगून टाकलं. “सत्यभामा आता इथे यायची नाही. मीच तिच्या मालकिणीला सुपरमार्केटची वाट दाखवली. कालच दिसल्या दोघी तिथे. म्हातारी आता तिच्या शेजारून हलत नाही, पण पाच मिनिटांत बाहेर. भावाची कटकट नाही.”

सत्यभामा तिला बघून हसली मात्र नव्हती. काहीतरी सांगायला तिचे ओठ हलले होते, तेवढ्यात म्हातारीनं तिला पुढे घातलं होतं. हे अनुराधानं सांगितलं नाही.

तो भांडेल म्हणून ती कंबर कसून उभी होती. भिकाजी भांडला नाही. तो खाली बसला आणि बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिला.

“वहिनी,” तो शेवटी म्हणाला, “परत दिसली तर एवढा निरोप द्याल? मालकिणीला कळू देऊ नका.”

“कसला निरोप?”

“म्हणावं, गावाहून फोन आला. आपल्या प्रज्ञाचा ताप उतरला.”